अलंकारांचे तक्ते, म्हणींची पुस्तकं, पत्ते, ॲप: सहावी ते नववीच्या मुलांसाठी यातलं काय घ्यावं?

शाळा सुरू व्हायच्या सुमारास कोल्हापुरात महाद्वार रोड, भाऊसिंगजी रोड आणि राजारामपुरीतल्या वह्या-पुस्तकांच्या दुकानांत पालक एकच गोष्ट मागतात: "मराठीचं काहीतरी द्या, पोराला वाचलेलं कळत नाही." शब्द अडत नसतात. 'तिच्या डोळ्यांत आभाळ दाटून आलं' या वाक्यावर प्रश्न आला की मूल 'पाऊस येणार होता' असं लिहितं, अडचण तिथं असते. दुकानदार मग तक्ता, व्याकरणाचं गाईड, म्हणी-वाक्प्रचारांचं छोटं पुस्तक, पत्त्यांचा जोड असं पुढ्यात मांडतो. या सगळ्यांचं हे परीक्षण आहे, मराठी शिकवणाऱ्यांच्या बाजूनं केलेलं. प्रकाशकांची नावं दिलेली नाहीत, कारण एकाच धर्तीची पुस्तकं कितीतरी ठिकाणांहून निघतात आणि गुणदोष बहुतेक त्या धर्तीचेच असतात.

निकाल आधीच सांगतो. एक नीट निवडलेलं वाक्प्रचारांचं पुस्तक, एक दोनशे पानी वही आणि सहा कार्डशीट एवढ्यात काम भागतं. बाकीचं घेऊ नका, किंवा फुकट मिळतं तिथून घ्या.

आमचा निकष असा. कोणताही लाक्षणिक प्रयोग समोर आला की चार प्रश्न विचारायचे. बोलणं कशाबद्दल चाललंय? ते कशाशी जोडलंय? तिकडचा कोणता गुण इकडे आला? आणि कोणता आला नाही? पहिल्या तीन प्रश्नांना व्याकरणात उपमेय, उपमान आणि साधारणधर्म अशी नावं आहेत. चौथ्याला शाळेच्या पुस्तकात नाव नाही, आणि मुलं नेमकी तिथंच घसरतात. 'त्याचं काळीज दगडाचं' म्हटल्यावर कठोरपणा आला, जडपणा आला नाही. 'परीक्षेच्या आदल्या रात्री तो दगडासारखा झोपला' यात स्थिरपणा आला, कठोरपणा आला नाही. उपमान तेच, पण संदर्भ गुण बदलतो. जे साधन मुलाला या चौथ्या प्रश्नापर्यंत नेतं ते चांगलं. जे नुसतं 'अलंकार ओळखा' म्हणतं, ते परीक्षेतल्या एक-दोन गुणांपुरतं.

तक्त्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. लॅमिनेट केलेला, दोन रंगांत छापलेला, एका बाजूला शब्दालंकार आणि दुसऱ्या बाजूला अर्थालंकार असा तो असतो. प्रत्येकाची एका ओळीत व्याख्या आणि एक उदाहरण, तेही बहुधा जुन्या कवितेतलं. त्या ओळीचाच अर्थ मुलाला लागत नसेल, तर तिच्यावरून अलंकार कसा कळणार? वर्गाच्या भिंतीवर ठीक आहे, घरी नको.

गाईडांकडे जरा बारकाईनं पाहायला हवं, कारण ती घराघरांत असतात आणि एक सवय लावून ठेवतात. बहुतेक गाईडांत ओळखीचे शब्द दिलेले असतात: सारखा, समान, सम, परी, प्रमाणे दिसलं की उपमा; जणू, भासे, वाटे, गमे, की दिसलं की उत्प्रेक्षा. यादी चुकीची नाही. पण मूल वाक्य वाचायचं सोडून शब्द शोधायला लागतं. मग 'तो सारखा खिडकीबाहेर बघत होता' इथं त्याला उपमा दिसते. 'ताईच्या ड्रेससारखंच कापड आण' इथंही दिसते, खरं तर इथं दोन कापडांची सरळ तुलना आहे, कल्पना काहीच नाही. 'यात हसण्यासारखं काय आहे?' यालाही तोच शिक्का बसतो. गाईड घरात असेलच तर एक उपाय करा. ओळखीच्या शब्दांची यादी कागदानं झाका आणि प्रत्येक उदाहरणावर आधी विचारा: हे अक्षरशः खरं असू शकतं का? 'खरं असू शकतं' असं उत्तर आलं तर अलंकाराचा प्रश्नच उरत नाही. 'नाही' आलं, की मग चार प्रश्न.

काही पालक सातवी-आठवीच्या मुलासाठी स्पर्धा परीक्षेचं जाडजूड व्याकरण घेऊन जातात. ते नको. त्यात अपन्हुती, ससंदेह, भ्रांतिमान, अर्थान्तरन्यास अशा पंधरा-वीस अलंकारांची भरगच्च यादी असते, आणि मूल नावांच्या ओझ्याखाली वाचायचंच सोडून देतं. मात्र या पुस्तकांत शब्दशक्तीचं जे प्रकरण असतं, म्हणजे अभिधा (सरळ अर्थ), लक्षणा (सरळ अर्थ बसत नाही म्हणून सरकलेला अर्थ) आणि व्यंजना (सुचवलेला अर्थ), ते पालकांनी स्वतः वाचावं. दुकानात उभ्यानं वाचलंत तरी चालेल. लक्षणा समजावताना संस्कृत परंपरेत 'गंगेवर गवळीवाडा' हे उदाहरण शेकडो वर्षं दिलं जातंय: प्रवाहावर वाडा असू शकत नाही, म्हणून अर्थ काठावर सरकतो. कोल्हापूरच्या मुलाला एवढ्या लांब जायची गरज नाही. ते रोज म्हणतं, "संध्याकाळी रंकाळ्यावर जाऊ." पाण्यावर कोणी चालत नाही, सगळे काठावरच फिरतात. 'खासबाग उसळलं' म्हणजे मैदान उसळत नाही, मैदानातली माणसं उसळतात. फुटबॉलचा सामना झाल्यावर 'पेठ रात्रभर जागी होती' म्हणतो तेव्हा पेठेतल्या भिंती जाग्या नसतात. ही तीन वाक्यं घेऊन दहा मिनिटं बोललात की लक्षणा कळते, तीही व्याख्या न घोकता. हे पुस्तकात नाही म्हणून पुस्तकाला दोष देत नाही. ही भर घरातूनच पडायला हवी.

आता म्हणी-वाक्प्रचारांची पुस्तकं. पैसे खर्च करायचे तर इथं करा, पण निवडून. खिशात मावणारी, बाराखडीच्या क्रमानं लावलेली, शेकडो वाक्प्रचार आणि प्रत्येकासमोर दोन-तीन शब्दांचा अर्थ अशी पुस्तकं सगळ्यात जास्त खपतात, आणि तीच सगळ्यात कमी उपयोगाची. कारण अर्थ एकाच साच्यातले असतात. अंगाचा तिळपापड होणे: खूप राग येणे. तळपायाची आग मस्तकात जाणे: खूप राग येणे. डोळ्यांत अंगार फुलणे: खूप राग येणे. तिन्हींचा अर्थ एकच असता, तर भाषेनं तीन वेगळी चित्रं कशाला जपली असती? तिळपापडात चडफड आहे, आतल्या आत तडतडणं आहे, बहुतेक वेळा काही करता येत नसतं म्हणून. तळपायाची आग एकदम, खालून वर चढते. एखादं वाक्य ऐकताक्षणी. अंगार डोळ्यांत असतो, म्हणजे तो समोरच्याला दिसतो. हा फरक जे पुस्तक सांगत नाही ते मुलाला पाठांतर देतं, वाचन देत नाही.

दुकानात पुस्तक पारखायची एक सोपी रीत आहे. 'कान', 'हात' किंवा 'डोळा' यांचं पान उघडा. तिथल्या वाक्यात उपयोगावर बोट ठेवून वाक्प्रचार झाका. उरलेल्या वाक्यावरून झाकलेला अर्थ सुचतो का? 'बाबांच्या अंगाचा तिळपापड झाला' यात झाकल्यावर काहीच उरत नाही. तिथं ताप, दुखणं, राग काहीही बसेल. 'तासभर रांगेत उभं राहिल्यावर नेमकी खिडकी बंद झाली, तेव्हा काकांच्या अंगाचा तिळपापड झाला' यात कारण आहे, म्हणून अर्थ हाताला लागतो. अशी पाच वाक्यं तपासा. चार पास झाली तर पुस्तक घ्या, दोनच झाली तर परत ठेवा. पानं कमी असली तरी चालतील. दीडशे वाक्प्रचार आणि प्रत्येकाला खरं वाक्य, हे हजार वाक्प्रचारांच्या यादीपेक्षा कितीतरी मोलाचं.

दुसरी कसोटी म्हणींची. 'ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये' या म्हणीसमोर पुस्तकात काय लिहिलंय ते पाहा. नुसतं 'अतिरेक करू नये' असेल तर अर्थ अर्धाच आला. ही म्हण बहुधा माणसाच्या चांगुलपणाबद्दल वापरतात: कोणी मदत करतोय म्हणून त्याला पुरतं पिळू नये. आपल्याकडचं मूल या म्हणीत आणखी खोल जाऊ शकतं. उसाचा बुडखा शेंड्यापेक्षा गोड असतो, म्हणजे हाव खालीच ओढणार. आणि मूळ गेलं तर खोडवा बुडाला, पुढच्या वर्षीचं पीक गेलं. करवीर-कागल भागातल्या मुलाला हे सांगावं लागत नाही, शहरातल्या मुलाला सांगावं लागतं. उपमान ओळखीचं नसेल तर गुण सरकतच नाही. वाचनात अडलेलं मूल पुष्कळदा भाषेत अडलेलं नसतं, त्यानं ती वस्तूच कधी पाहिलेली नसते. जातं, मोट, उखळ, पाटा पाहिलेला नसतो.

'चर्चेचं गुऱ्हाळ' हे याचं सगळ्यात चांगलं उदाहरण. गुऱ्हाळ न पाहिलेलं मूल 'गोड चर्चा' असा अर्थ काढतं, आणि त्याच्या बाजूनं तो तर्कशुद्धच आहे; गुऱ्हाळ म्हटल्यावर त्याला गूळच आठवणार. पाहिलेल्याला चरकात सतत जाणारा ऊस, काहिलीतलं तासन्‌तास उकळणं, तो न थांबणारा उद्योग आठवतो. पण खरी गंमत चौथ्या प्रश्नात आहे. गुऱ्हाळातून शेवटी गूळ निघतो, चर्चेच्या गुऱ्हाळातून काहीच निघत नाही. जो गुण आला नाही तोच इथं टोमण्याचा गाभा आहे. सातवीच्या मुलाला हे एकदा दिसलं की पुढच्या प्रत्येक प्रयोगात ते 'काय आलं नाही?' असं आपणहून विचारतं.

पत्त्यांचे जोड दोन प्रकारचे मिळतात. एकात अर्धा वाक्प्रचार एका पत्त्यावर, उरलेला दुसऱ्यावर, आणि जोडी लावायची. दुसऱ्यात एका बाजूला चित्र, मागे अर्थ. पहिला प्रकार फार लवकर संपतो. मुलं अर्थावरून जोडत नाहीत, व्याकरणावरून जोडतात. 'डोळ्यात तेल' पुढे 'घालणे'च बसतं, 'होणे' बसत नाही, एवढं पाहिलं की झालं. दोन डावांनंतर तर पत्त्याचा दुमडलेला कोपरासुद्धा ओळखू येतो. चित्रांचा प्रकार त्यापेक्षा बरा. पोटात कावळा काढलेला पाहून अकरा वर्षांचं मूल हसतं आणि वाक्प्रचार लक्षात ठेवतं. पण चित्र अक्षरार्थाचं असतं. ते पाहून झाल्यावर 'मग माणूस नक्की काय सांगतोय, आणि कावळेच का?' हे विचारायला शेजारी मोठं कोणी नसेल, तर अक्षरार्थच पक्का होतो.

त्यापेक्षा पत्ते घरी करा. खर्च किरकोळ आहे. ए-फोर आकाराची साधारण २५० जीएसएमची कार्डशीट सहा घ्या. यापेक्षा पातळ घेतली तर मागून अक्षर दिसतं आणि खेळ फसतो. एका शीटचे आठ सारखे तुकडे केले की प्रत्येक पत्ता साधारण १०५ बाय ७४ मिलिमीटरचा होतो. पाच शीटचे चाळीस पत्ते, सहाव्याचे आठ कोरे राखून ठेवायचे. दहा प्रयोग निवडा आणि प्रत्येकाचे चार पत्ते करा: कशाबद्दल, कशासारखं, काय आलं, काय आलं नाही. चार प्रश्नांना चार रंगांचे कोपरे द्या, म्हणजे कोणता पत्ता कुठल्या प्रश्नाचा हे लगेच कळतं. लिहायला बॉलपेन वापरा, स्केचपेन पसरतं. मजकूर एकाच बाजूला, तीन-चार शब्दांत.

खेळायला तीन-चार मुलं पुरेत. 'कशाबद्दल' आणि 'कशासारखं' हे पत्ते जोडीनं टेबलावर मांडायचे, उरलेले वीस वाटायचे. पत्ता ठेवणाऱ्यानं त्या प्रयोगाचं स्वतःचं वाक्य बोललंच पाहिजे, नाहीतर पत्ता परत हातात. हा नियम सैल सोडलात तर खेळाचा पुन्हा जोड्या लावा होतो. अडचण हमखास एकाच ठिकाणी येते: एक पत्ता दोन ठिकाणी बसतो. 'मऊपणा' हा लोण्याजवळही बसतो आणि मेणाजवळही. अशा वेळी निवाडा करू नका. ज्यानं जास्त पटणारं वाक्य सांगितलं त्याचा पत्ता ठेवा आणि दुसऱ्यासाठी कोरा पत्ता उचलून नेमका गुण लिहायला लावा. लोण्याबाबत 'लगेच पाघळतं', मेणाबाबत 'हवा तसा आकार घेतं'. कोरे पत्ते याच कामासाठी आहेत. दहाच प्रयोग घ्यायचं कारण एवढंच, की वीस घेतले तर डाव तासावर जातो आणि मुलं घाईत पत्ते टाकायला लागतात.

मोबाईलवरची ॲप आणि प्रश्नमंजूषा चार पर्यायांवर चालतात. पर्यायांतले दोन उघड चुकीचे असतात, त्यामुळे उरलेल्या दोनांतून अंदाज लागतो आणि गुण छान दिसतात. सरावाला ठीक, समज तपासायला नाहीत. तपासायचं असेल तर पर्याय झाकून तोंडी उत्तर घ्या.

फुकट मिळणाऱ्या गोष्टींत दोन फार मोलाच्या आहेत. पहिली, दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश. १९३२ ते १९५० या काळात निघालेला हा कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येतो. भाषा जुनी आहे, मुलाच्या हाती एकट्यानं देऊ नका. पण एखादा शब्द आधी कशासाठी वापरायचे ते त्यात सापडतं, आणि उपमान न पाहिलेल्या मुलाला तेच हवं असतं. छापील मोठे कोश पाहायचे तर ग्रंथालय गाठावं लागतं. आपल्या शहरात १८५० पासूनचं करवीर नगर वाचन मंदिर आहे. कोश सहसा घरी देत नाहीत, तिथंच बसून पाहावे लागतात, तेव्हा शब्दांची यादी वहीत लिहून न्या.

दुसरी, 'किशोर'. बालभारतीचं हे मासिक १९७१ पासून निघतंय आणि जुने अंक इंटरनेटवर मोफत आहेत. उताऱ्यांसाठी याहून सोयीचं काही नाही, कारण मजकूर याच वयाच्या मुलांसाठी लिहिलेला असतो. अंकातून दीडशे ते दोनशे शब्दांचा तुकडा निवडा. पहिलं वाचन पेनाशिवाय, न थांबता. दुसऱ्या वाचनात जिथं अक्षरार्थ अशक्य किंवा विचित्र वाटतो तिथं पेन्सिलीनं रेघ. रेघा तीनच ठेवा. जास्त झाल्या की गोष्ट तुटते आणि मुलाला वाचनाचा कंटाळा येतो. मग वहीत चार रकाने आखून चार उत्तरं लिहायची. शेवटी त्या तीनांतला एक प्रयोग काढून तिथं साधं वाक्य घालायचं आणि दोन्ही मोठ्यानं वाचायची. काय हरवलं ते मूल स्वतः सांगतं. हे सगळं पस्तीस-चाळीस मिनिटांत होतं, आठवड्यातून दोनदा पुरे. झेरॉक्सचा खर्च सोडला तर यात पैसा लागत नाही.

रोजचं वर्तमानपत्रही हाताशी आहेच. निवडणुकीच्या दिवसांत तर मथळ्यांत आखाडाच उतरतो: शड्डू ठोकला, चितपट केलं, आस्मान दाखवलं. तालमीच्या गावात वाढलेल्या मुलाला उपमान समजावून सांगावं लागत नाही, त्यामुळे थेट चौथ्या प्रश्नावर जाता येतं. उमेदवारानं शड्डू ठोकला म्हणजे उघड आव्हान आलं, तयारी आली; माती आणि अंगबळ आलं नाही. एका मथळ्याला पाच मिनिटं पुरतात.

इंग्रजी माध्यमाच्या मुलांसाठी एक वेगळी सूचना. सिमिली म्हणजे उपमा, पर्सनिफिकेशन म्हणजे चेतनगुणोक्ती, हायपरबोली म्हणजे अतिशयोक्ती, अलिटरेशन म्हणजे अनुप्रास, इथपर्यंत जोड्या बसतात. मेटाफर आणि रूपक मात्र पुरते जुळत नाहीत. रूपकात उपमेय आणि उपमान दोन्ही वाक्यात असतात आणि ते एकच आहेत असं म्हटलेलं असतं. नुसतं उपमान ठेवून उपमेय गाळलं, म्हणजे लबाड माणसांबद्दल बोलताना 'या सापांना दूध पाजू नका' म्हटलं, तर इंग्रजीच्या तासाला ते मेटाफरच ठरतं. मराठीच्या पेपरात त्याला रूपक लिहिलं तर गुण जाऊ शकतो. बाजारातल्या दुभाषी तक्त्यांत हा फरक सहसा नसतो. तो वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

इयत्तेप्रमाणे काय घ्यावं हेही दुकानात कोणी सांगत नाही. सहावी-सातवीला उपमा, चेतनगुणोक्ती, अतिशयोक्ती आणि शरीरावरचे वाक्प्रचार पुरेत. रूपक आणि रंकाळ्याची लक्षणा आठवीत. उपरोध नववीपर्यंत थांबवा, कारण तिथं शब्द स्तुतीचे असतात आणि अर्थ उलटा. बोलताना आवाजावरून कळतो. कागदावर आवाज नसतो, पुरावा आजूबाजूच्या मजकुरातून शोधावा लागतो. 'वा, काय टापटीप आहे!' या वाक्याच्या आधी खोलीचं वर्णन आलेलं असलं तरच मूल त्याचा उलटा अर्थ पकडू शकतं. म्हणून उपरोधाचा उतारा निवडताना तो पुरावा त्याच पानावर आहे ना ते पाहा. दहा पानं मागे राहिला असेल, तर दुसरा उतारा घ्या.